बत्तीस मुलं आणि एक विनोदी नाटक: कोणतं घ्यावं?

खडूफळा

मी शाळेत भाषा शिकवते. यंदा नववी-दहावीच्या नाट्यगटाची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आहे. पात्रता एकच, माझा आवाज मोठा आहे. नावं आली बत्तीस, त्यात एकवीस मुली आणि अकरा मुलगे. 'कोणालाही वगळणार नाही' असं मी पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात जाहीर करून बसले, आता शब्द फिरवता येत नाही. नाटक विनोदीच हवं, हा मुलांचा ठराव एकमताने मंजूर झालाय.

हातात दहा आठवडे. आठवड्याला तीन तालमी, प्रत्येकी दीड तास. रंगमंच म्हणजे शाळेचं सभागृह, विंग एकच. प्रयोग तासाभराचा, फार तर सव्वा तास.

मोठ्या पात्रसंख्येची म्हणून जी नाटकं चाळली त्यात यादीत पंचवीस पात्रं असतात, पण बोलतात सहा. बाकीचे 'सैनिक १, सैनिक २'. परवा एका मुलीने विचारलं, "बाई, सैनिक ७ ला नाव असतं का?" तेव्हापासून झोप उडाली आहे.

नाटक सुचवा. नाटक कसं निवडायचं हे सांगितलंत तरी चालेल.

विंगेतला

डोळे झाकून 'मोरूची मावशी' घ्या. हशाची हमी.

अर्धविराम

@विंगेतला, डोळे उघडून पात्रं मोजा. दहाच्या आसपास. उरलेल्या बावीस जणांच्या काय मावश्या करणार?

विंगेतला

हलके घ्या. अत्र्यांनी ज्यावरून ते घेतलं ते 'चार्लीज आंट' १८९२चं, आणि आजही चालतं. मला एवढंच म्हणायचं होतं की हशा डोकी मोजून येत नाही.

नेपथ्यवाला

पंधरा-सोळा वर्षं हौशी आणि शालेय नाटकांच्या मागच्या बाजूला वावरलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

पात्रांची यादी बघून नाटक निवडू नका. एक मोठा कागद घ्या. डावीकडे पात्रांची नावं, वरच्या ओळीत प्रवेश. पात्र त्या प्रवेशात बोलत असेल तर भरीव ठिपका, नुसतं उभं असेल तर पोकळ गोल, नसेल तर चौकोन रिकामा. अर्ध्या तासात नाटकाचा एक्सरे निघतो. पोकळ गोल जास्त दिसले तर ते नाटक मोठ्या गटाचं नाही, मोठ्या गर्दीचं आहे. तुमची 'सैनिक ७' अशा पोकळ गोलात उभी असते.

हाच कागद पुढे तालमीचं वेळापत्रक करायला लागतो. हिशेब करा. तीस तालमी गुणिले दीड, म्हणजे पंचेचाळीस तास. शेवटच्या सहा तालमी सलग प्रयोगाला ठेवाव्याच लागतात, नऊ तास गेले. पहिला आठवडा वाचन आणि पात्रनिवडीत जातो, आणखी साडेचार. उरले साडेएकतीस. तासाभराच्या नाटकाला मिनिटामागे जेमतेम अर्धा तास. या अर्ध्या तासात तुम्ही तिघांच्या हालचाली बसवताय आणि एकोणतीस जण सभागृहात रिकामे बसलेत, असं चित्र असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून गळती सुरू होते. मुलं नाटकाला कंटाळत नाहीत, वाट बघण्याला कंटाळतात.

म्हणून ज्या नाटकाचे आपोआप तीन-चार तुकडे पडतात ते शोधा. एक तुकडा सभागृहात, एक वर्गात, एक जिन्याखाली.

जाता जाता, विंग एकच आहे म्हणालात. बत्तीस जण एका विंगेत मावत नाहीत. जे आत्ता रंगमंचावर नाहीत ते कुठे उभे राहणार, हेही नाटक निवडतानाच ठरवायचं असतं. मी तरी मुलांना प्रेक्षकांसमोरच दोन्ही कडांना बाकांवर बसवतो. तिथून उठले की पात्र, बसले की बघे.

तिसरी_घंटा

तुकडे पडणारं नाटक म्हणजे शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'. राजदरबार, पळून गेलेले चार प्रेमी, रानातल्या पऱ्या आणि नाटक बसवणारे सहा कारागीर. हे चार गट बराच वेळ एकमेकांना भेटतच नाहीत, त्यामुळे चार तालमी चार जागी चालतात. पऱ्या हव्या तेवढ्या वाढवता येतात, आणि त्या वाढवल्या तरी ओढूनताणून वाटत नाहीत.

खरी मजा कारागिरांची. ज्याला सिंहाचं काम दिलंय तो आधी विचारतो, माझी वाक्यं लिहून झाली असतील तर द्या, माझं पाठांतर हळू होतं. त्याला उत्तर मिळतं, तुला नुसती डरकाळी फोडायची आहे. एक जण भिंत होतो आणि बोटांची फट करून दाखवतो. एक जण कंदील घेऊन चंद्रप्रकाश होतो. नाटक बसवणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर तेच चाललेलं असतं.

अर्धविराम

कारागिरांबद्दल +१. पण प्रेमी चौकडीचं काय? जादूच्या रसाच्या थेंबाने याचं प्रेम तिच्यावर आणि तिचं त्याच्यावर, हे पंधरा वर्षांच्या मुलांनी वर्गमित्रांसमोर करायचं म्हणजे पहिले तीन आठवडे नुसतं खिदळणं. शिवाय पूर्ण नाटक तासात बसत नाही. कापायला बसलात तर सगळ्यात आधी प्रेमीच कापले जातील.

तिसरी_घंटा

खिदळणं थांबतं हो. चौथ्या आठवड्यात.

दगडी_पाटी

माझं मत भारतेंदु हरिश्चंद्रांच्या 'अंधेर नगरी'ला. हिंदीतलं १८८१चं नाटक, लहानसे सहा अंक. भारतेंदु १८८५ साली गेले, त्यामुळे हक्काचा प्रश्न नाही. मराठी आपल्या मुलांकडूनच करून घ्या, भाषेचा तास सत्कारणी लागेल.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते. जिथे सगळं एकाच भावाने विकलं जातं ते राज्य. पण मोठ्या गटासाठी हे का चालतं ते बघा. बाजाराच्या प्रवेशात एकामागून एक विक्रेते येतात आणि प्रत्येक जण स्वतःच्या मालाची आरोळी ठोकतो. दहा मुलं, प्रत्येकाला आपला स्वतंत्र तुकडा, स्वतंत्र लय, आणि कोणी कोणावर अवलंबून नाही. एखादा गैरहजर राहिला तरी बाजार भरतो.

तसाच दरबाराचा प्रवेश. भिंत पडून बकरी मेली, अशी फिर्याद येते. राजा भिंतीलाच पकडून आणा म्हणतो. मग भिंतीचा मालक येतो, तो गवंड्यावर ढकलतो, गवंडी चुनेवाल्यावर, चुनेवाला भिस्त्यावर, भिस्ती कसायावर, कसाई मेंढपाळावर, आणि मेंढपाळ म्हणतो की कोतवालाच्या मिरवणुकीमुळे माझं लक्ष उडालं. शेवटी कोतवालाला फाशी. प्रत्येक आरोपी तेच करतो, पण वेगळ्या कारणाने, आणि दर खेपेला हशा वाढत जातो, कारण प्रेक्षकाला पुढचं उत्तर कळलेलं असतं आणि तरी ते कसं येणार हे कळलेलं नसतं. लहान भूमिकेतल्या मुलाला दीड मिनिट मिळतं, पण ते दीड मिनिट पूर्णपणे त्याचं असतं.

मी एकदा हे सत्तावीस मुलांचं केलं होतं. प्रयोग साधारण पन्नास मिनिटं चालला. राजा झालेला मुलगा तालमीत वाक्यं विसरायचा, तेव्हा मागे उभ्या प्रधानाला सांगून ठेवलं की हा अडला तर 'महाराज झोपलेत' म्हणायचं. प्रयोगात तीनदा म्हणावं लागलं. तिन्ही वेळा टाळी.

संवादिनी

@दगडी_पाटी, मलाही ते नाटक आवडतं, पण एक अडचण कोणी बोलत नाही. कोतवाल बारीक म्हणून फास सैल पडतो, आणि मग एखादा जाड माणूस शोधून आणतात. हे काम वर्गातल्या कोणाला देणार? ज्याला देणार त्याला पुढचं वर्षभर त्याच नावाने हाक मारतील. बोलण्यात अडखळणारं पात्र, कमी ऐकू येणारं पात्र, त्यांचंही तेच. शाळेत प्रेक्षक आणि नट दुसऱ्या दिवशी एकाच बाकावर बसतात, हे विसरून चालत नाही.

दगडी_पाटी

मान्य. मी त्या वेळी फास काढून टाकला आणि मुकुट आणला होता. शिक्षा म्हणून काटेरी मुकुट, जो कोतवालाच्या डोक्यात बसत नाही. मग ज्याच्या डोक्यात बसेल तो गुन्हेगार. शिपाई प्रेक्षकांत उतरून डोकी मोजायला लागले. फाशीचं दृश्यही आपोआप टळलं. शेवट तोच, राजाला स्वतःला मुकुट घालून घ्यायची घाई होते.

संवादिनी

हे झकास आहे. शब्द परत घेते.

कोरस_क्रमांक_चार

दोन ओळी माझ्याही. ग्रीक विनोदी नाटकात चोवीस जणांचा कोरस असायचा. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या 'पक्षी'मध्ये (इसवीसनपूर्व ४१४) हा कोरस पक्ष्यांचा आहे, आणि प्रवेश करताना वेगवेगळ्या पक्ष्यांची नावं घेतली जातात. म्हणजे गर्दीला नावं द्यायची युक्ती अडीच हजार वर्षं जुनी आहे. मूळ नाटकातले बरेच विनोद शाळेत चालणार नाहीत, पण माणसांना कंटाळून दोघं पक्ष्यांकडे जातात आणि आकाशात शहर बांधतात, एवढा सांगाडा घेतला तरी पुष्कळ.

विंगेतला

पक्षी केले तर पिसं कोण शिवणार? शिवणारी माणसं आधी शोधा, मग नाटक.

प्रॉम्प्टर

अजून कोणी रशियन नाटककार गोगोलचं नाव कसं घेतलं नाही? १८३६चं 'रेव्हिझोर'. मराठीत पु. ल. देशपांड्यांनी त्यावरून 'अंमलदार' केलं.

वरून गुप्तपणे तपासनीस येतोय अशी बातमी लहानशा गावात येते. गावातला प्रत्येक अधिकारी कशात ना कशात अडकलेला. खाणावळीत बिल थकवून बसलेला एक फुटकळ कारकून त्यांना तपासनीस वाटतो. त्यालाही आधी कळत नाही की आपल्याला एवढा मान का मिळतोय. कळतं तेव्हा तो हात धुऊन घेतो.

पात्रं बघा. नगराध्यक्ष, त्याची बायको, मुलगी, न्यायाधीश (याच्या कचेरीत बदकं फिरतात), रुग्णालयाचा प्रमुख, सगळ्यांची पत्रं फोडून वाचणारा पोस्टमास्तर, शाळातपासनीस, तिथली भाषा न येणारा डॉक्टर, एकमेकांचं वाक्य तोडणारे दोन जमीनदार, पोलीस, व्यापारी, कैफियत घेऊन आलेल्या दोन बायका, खाणावळीतला नोकर, खोट्या तपासनीसाचा हुशार गडी. यातला जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी लपवतोय. मला वाटतं मोठ्या गटासाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच. ज्या पात्राला लपवायला काही आहे त्याला वाक्य नसलं तरी काम असतं. मागे उभा शिपाई खिशातलं काहीतरी दुसऱ्या खिशात सरकवत राहिला तरी प्रेक्षक त्याच्याकडे बघतो. @नेपथ्यवाला, तुमचे पोकळ गोल इथे भरतात.

शाळेसाठी तर यात घबाड आहे. सुरुवातीलाच नगराध्यक्ष शाळातपासनीसाला सांगतो की तुमचा एक मास्तर खुर्चीवर चढला की तोंड वेडंवाकडं करतो, तेवढं बघा. इतिहासाचे मास्तर अलेक्झांडरपर्यंत पोचले की अंगात आल्यासारखे खुर्ची जमिनीवर आपटतात. अलेक्झांडर वीर होता हे खरं, पण म्हणून खुर्च्या का मोडायच्या? हे विद्यार्थ्यांनी शिक्षकांसमोर म्हणायचं! यापेक्षा मोठा हशा मी शाळेच्या सभागृहात ऐकलेला नाही.

धोका एक आहे. खोट्या तपासनीसाची भूमिका अवाढव्य आहे. तिसऱ्या अंकात तो फेकाफेक करतो, आपल्याला बोलावायला पस्तीस हजार निरोपे धावत होते म्हणतो, ते भाषण पेलणारं पोर नसेल तर या नाटकाच्या वाटेला जाऊ नका.

अर्धविराम

पाच अंक आहेत ना त्याला? आणि तासात?

प्रॉम्प्टर

हो, कात्री लागतेच. पाच अंकांतून सव्वा तास काढताना माझा नियम असा की एकही पात्र कापायचं नाही, प्रत्येकाचं बोलणं कापायचं. लाच देण्याचा प्रवेश घ्या. अधिकारी एकेक करून आत जातात. मूळात प्रत्येकाचा वेगळा संवाद. तिथे पहिल्या दोघांचं पूर्ण ठेवा, तिसऱ्याचं अर्धं, पुढच्यांची नुसती ये-जा. वेगही वाढतो आणि तेच जास्त विनोदी होतं.

हक्काचा_माणूस

एक कोरडी पण आवश्यक गोष्ट. गोगोल १८५२ साली गेला, मूळ रशियन नाटक सगळ्यांचं आहे. पण 'अंमलदार' हे पु.लं.चं स्वतंत्र लेखन आहे आणि त्यावर हक्क आहे. मूळ जुनं असलं तरी रूपांतर किंवा भाषांतर जुनं असेलच असं नाही, ही गल्लत फार होते.

हक्काची मुदत देशागणिक वेगळी. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं, युरोपात सत्तर. शाळेने आपल्या विद्यार्थ्यांकडून, फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित माणसांसमोर प्रयोग केला तर भारतीय कायद्यात सूट आहे. पण स्पर्धेला नेलंत, तिकीट लावून बाहेरचे प्रेक्षक बोलावलेत किंवा चित्रफीत टाकलीत की गोष्ट बदलते. संहितेत काटछाट करणार असाल तर हक्कधारकांना लेखी विचारा. आधी विचारा, रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी नको.

टाळीबहाद्दर

प्रतिसाद काढून टाकला आहे.

संवादिनी

एकवीस मुली आहेत हे सगळे विसरलेत. जुन्या नाटकांत पुरुषपात्रं बेसुमार. मिशा लावून मुलींना न्यायाधीश करू नका, न्यायाधीशच बाई करा. 'रेव्हिझोर'मध्ये नगराध्यक्ष बाई केली तर तिचा नवरा आणि मुलगी पाहुण्यापुढे पुढेपुढे करतात, चित्र आणखी गमतीचं होतं. मराठीत मात्र क्रियापदं बदलावी लागतात, तेव्हा पाठांतरापूर्वी संहिता एकदा नीट पुन्हा लिहून काढा. आमच्याकडे अर्धवट बदललेल्या संहितेमुळे ऐन प्रयोगात एक न्यायाधीश एकाच वाक्यात 'मी आलो' आणि 'मी म्हणाले' बोलला. बोलली.

मुलाला साडी नेसवली की हशा आलाच, हे सूत्रही एकदा बाजूला ठेवून बघा. पहिल्या एन्ट्रीला येतो तो हशा, पुढची चाळीस मिनिटं काय?

खडूफळा

सगळ्यांचे आभार, भावना पोचल्या. दोन आठवडे गायब होते, कारण तुमच्या सल्ल्यांचे प्रयोग चालू होते.

तीन नाटकांचे पहिले प्रवेश मुलांकडून वाचून घेतले. मी मागे बसून फक्त दोन खुणा करत होते. मी हसले तिथे एक, मुलं हसली तिथे दुसरी. कारागिरांच्या तालमीला मी खूप हसले, मुलं थोडी. बाजाराला मुलं आरोळ्या ठोकत सुटली, शेजारच्या वर्गातून तक्रार आली. पण दुसऱ्या वाचनाला 'हे लहान मुलांचं वाटतं' असं दहावीवाल्यांनी नाक मुरडलं. मला ते पटलं नाही, पण करायचं त्यांना आहे. खुर्ची मोडणाऱ्या मास्तरांपाशी मात्र सगळा वर्ग आधी एकमेकांकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागला, तेव्हाच निकाल लागला.

तर 'रेव्हिझोर'. इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून स्वतःच मराठी करतोय, पाच-पाच जणांचा गट एकेक अंक. भाषा ओबडधोबड येतेय, पण त्यांच्या तोंडात बसतेय.

नेपथ्यवाल्यांचा कागद भिंतीवर लावलाय. तरी सहा जण उरतात. पोस्टात एकटा पोस्टमास्तर न ठेवता पत्रं फोडणारी पाच जणींची टोळी केली तर? आणि ते दोन जमीनदार चार करावेत का?

प्रॉम्प्टर

पोस्टाची टोळी करा. पाच जणी पाच पत्रं एकाच वेळी वाचतात आणि एकीचं वाक्य दुसरीच्या पत्रात शिरतं, हे नुसतं लिहितानाच हसू येतंय. शेवटच्या अंकात खरं उघड करणारं पत्र हातोहात फिरतंच, तिथेही त्या उपयोगी पडतील.

जमीनदारांना मात्र हात लावू नका. बॉबचिन्स्की आणि डॉबचिन्स्की, नावंसुद्धा एका अक्षराच्या फरकाची. दोघांना एकच बातमी सांगायची आहे आणि दोघांनाही ती आपण सांगायची आहे. ही ओढाताण दोघांतच होते. चौघं झाले की कोरस होतो.

कोरस_क्रमांक_चार

कोरसला नावं का ठेवता?

नेपथ्यवाला

उरलेल्यांपैकी एकाला नेपथ्य बनवा. गंमत नाही करत. 'घाशीराम कोतवाल'मध्ये १९७२ साली माणसांच्या रांगेचाच पडदा केला होता. ते नाटक शाळेचं नाही, पण युक्ती सगळ्यांची आहे. तुमच्या इथे खाणावळीचं दार माणसाचं करा. दार सगळं ऐकतं आणि वेळ आली की कुरकुरतं. मूळात दाराआडून चोरून ऐकणारा दारासकट आत कोसळतो, तेव्हा दाराला भूमिकाही आहे.

तिसरी_घंटा

नाटक ठरलं, आता थोडं बसवण्याबद्दल. मोठ्या गटाच्या विनोदी नाटकात हशा मारला जातो तो बहुतेक वेळा मागच्यांकडून. पुढे एक जण पंचचं वाक्य टाकतोय आणि त्याच क्षणी मागे कोणीतरी डोकं खाजवतोय, संपलं. आमच्याकडे नियम होता: वाक्य चालू असताना मागचे गोठलेले, वाक्य पडल्यावर मागच्यांची प्रतिक्रिया. आधी वाक्य, मग माना.

दुसरं, हशा थांबेपर्यंत थांबायचं नाही. हशा वर जातो, टेकतो आणि खाली यायला लागतो, तिथे पुढचं वाक्य उचलायचं. पूर्ण शांत व्हायची वाट पाहिली तर प्रेक्षकाला वाटतं नट विसरला. तालमीत प्रेक्षक नसतात, म्हणून मुलांना हे कळतच नाही. शेवटच्या दोन तालमींना दुसरा एखादा वर्ग बोलवा. कुठे हशा येईल असं आपल्याला वाटत होतं आणि कुठे आला, याचा ताळमेळ कधीच लागत नाही.

आणि स्वतःच्या विनोदाला हसणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. पात्रासाठी काहीच विनोदी चाललेलं नसतं. नगराध्यक्षाची खुर्ची जातेय, ती घाबरलेलीच दिसली पाहिजे.

विंगेतला

तपासनीसाला बदली नट तयार ठेवलाय ना? ताप नेमका मोठ्या भूमिकेला येतो.

खडूफळा

परवा प्रयोग झाला. सव्वा तासाचा ठरवला होता, शहाऐंशी मिनिटं चालला. त्यातली काही मिनिटं हशाची, काही दाराची. दार झालेला मुलगा इतका रंगला की न उघडताच कुरकुरत होता.

बदली नट होता, लागला नाही. आमचा तपासनीस पस्तीस हजारांवर ब्लँक झाला आणि 'छत्तीस हजार... नाही, मोजून सांगतो' म्हणाला. आता ते वाक्य संहितेत कायम. पोस्टाच्या पाच जणींनी तर प्रयोग खाल्ला. एका पालकांनी येऊन विचारलं, यातली मुख्य भूमिका कोणाची होती? मला पटकन सांगता आलं नाही.

लाच देण्याचा प्रवेश मात्र पडला. मी शेवटच्या आठवड्यात तो आणखी छाटला आणि तेव्हा तो कळेनासाच झाला. प्रॉम्प्टर म्हणाले तसं पहिले दोन पूर्ण ठेवायला हवे होते.

शेवटी खरा तपासनीस आल्याची वर्दी घेऊन एक शिपाई येतो आणि सगळे जागच्या जागी गोठतात. जवळजवळ दीड मिनिट स्तब्ध राहायचं असं गोगोलने लिहून ठेवलंय. तालमीत आमचं वीस सेकंदांच्या वर कधी गेलं नव्हतं. परवा मी घड्याळ लावलं होतं, चौऱ्याहत्तर सेकंद. सभागृहात आधी हसले, मग गप्प झाले, मग कोणीतरी एकटंच पुन्हा हसलं.

ते वर्दीचं एकच वाक्य मी 'सैनिक ७'वाल्या मुलीला दिलं होतं. मूळ नाटकात या शिपायालाही नाव नाही, हे तिने पहिल्याच दिवशी शोधून काढलं आणि माझ्याशी भांडली. मग तिनेच शेवट वाचला आणि म्हणाली, राहू दे.

नेपथ्यवाला

चौऱ्याहत्तर! शाबास. खुर्च्या किती मोडल्या?

खडूफळा

दोन. त्यातली एक नाटकात होती.